शत्त रेंजर्सची पाच नंबरची जर्सी

मी एक जर्सी बोलते आहे. अंगावर निळे-पांढरे पट्टे, पाठीवर पाच आकडा. माझ्या कुळाचा इतिहास मी कार्मेनू यांच्या तोंडून ऐकला, गेल्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, आखातातल्या जुबैल शहरात नदीमच्या घरी. कार्मेनू माल्टा बेटाचे. रास अल खैरच्या खारे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पातले अभियंता. नदीम दाभोळचा, त्यांच्याच हाताखाली पंपांवर काम करणारा आणि कामगारांच्या फुटबॉल संघाचा बचावपटू.

माझा क्लब शत्त रेंजर्स. शत्त म्हणजे बंदराचा काठ. शंभर वर्षांपूर्वी गोदीतल्या कामगारांनी तो काढला आणि पहिले सदरे शिडाच्या उरलेल्या कापडातून शिवले. दुसऱ्या महायुद्धात बंदरावर बॉम्ब पडले, तेव्हा क्लबची खोली ढिगाऱ्याखाली गेली. खेळाडूंनी स्वतः दगड उपसून मैदान मोकळे केले आणि गोलखांबांच्या जागी वल्ही रोवली. पुढे संघ घसरत अगदी तळाच्या गटात गेला, पण बंद पडला नाही. आज तो व्यावसायिक आहे. त्याच्यासाठी दूरदेशीचे खेळाडू येतात. हे सांगताना कार्मेनूंचा आवाज चढला होता आणि माझा प्रत्येक धागा ताठ झाला होता.

तळातून वर चढवणाऱ्या सामन्यात मला एकोणीस वर्षांच्या कार्मेनूने घातले होते. मैदानावर गवत नव्हते. गोलरेषेवर घसरून त्याने चेंडू अडवला, कोपर फुटले, आणि रक्तामातीचा डाग माझ्या बाहीवर बसला. वर्तमानपत्रातल्या छायाचित्रात तो डाग स्पष्ट दिसतो. त्या हंगामातल्या पाच नंबरच्या दोन जर्सी होत्या. त्या दिवशीची कोणती, हे ओळखण्याची तेवढीच एक खूण. आता क्लबच्या शताब्दीनिमित्त मला काचेच्या कपाटात मान मिळणार होता आणि निवृत्त होऊन मायदेशी परतणारे कार्मेनू मला सोबत नेणार होते.

माझी कॉलर तेवढी उसवली होती. नदीमची पत्नी नूरुन्निसा हिची शिलाई वसाहतीत नावाजलेली. पण पुरुष पाहुणे बाहेरच्या खोलीत आणि ती आत, अशी त्या घराची रीत. डागाची कथा बाहेर सांगून झाली. पडद्याआड मी गेले ती "कॉलर शिवून दे" एवढ्याच निरोपासह.

तिने कॉलर सुरेख शिवली. मग परक्याची वस्तू मळकी परत करायची नाही, या तिच्या माहेरच्या शिकवणीनुसार मला मीठ-लिंबाच्या पाण्यात भिजवले, घासले, वाळवले, इस्त्री केली. शुक्रवारी सकाळी कार्मेनू आले. त्यांनी माझी बाही उलटीसुलटी करून पाहिली आणि "डाग कुठे गेला?" असे ते ओरडलेच.

"अवो, काय झालं साहेबांना?" पडद्यामागून प्रश्न आला.

नदीमने सांगितले. रीत विसरून नूरुन्निसा दारात आली.

"या अल्ला! मला सांगायला काय झालं होतं तुमाला? तोंडात खजूर होता?"

"तू धुशील असं कुठं वाटलं मला?"

"मग काय, घाणेरडी देऊ पाहुण्याला?"

कार्मेनूंनी अर्थ विचारला. नदीमने चाचरत सांगितला तेव्हा ते हसू लागले. म्हणाले, "माझी आई जन्मभर हा डाग काढायला टपली होती. तिच्यापासून जर्सी वाचवली, पण इथं सापडली."

नदीमने हे मराठीत सांगताच ती डोळे पुसत म्हणाली, "त्यांना सांगा, आईचंच बरोबर होतं."

खोटा डाग पाडणे सोपे होते. पण कार्मेनूंनी तिथूनच क्लबच्या चिटणिसांना फोन केला आणि खूण गेल्याचे सांगितले. पुराव्याशिवाय कपाटात जागा देता येत नाही, असे उत्तर आले. फोन ठेवून ते मला हातात घेऊन उठले. मग नदीमकडे वळले.

"यल्ला, चल नदीम, हात वर कर."

आमच्या क्लबात जर्सी हातात देत नाहीत. जाणारा खेळाडू ती येणाऱ्याच्या डोक्यावरून स्वतः चढवतो आणि पूर्वी तो आकडा घालणाऱ्यांची नावे उच्चारतो. कार्मेनू म्हणू लागले, "पाव्लू, वेल्डर. त्सारू, नावाडी. जुझे, पाववाला. कार्मेनू, अभियंता. नदीम, पंपवाला."

"टेक्निशियन म्हणा, साहेब!"

"नदीम, टेक्निशियन."

त्याच संध्याकाळी मी रास अल खैरच्या मैदानावर उतरले. आम्ही एका गोलने हरलो, तरी नदीमच्या खांद्यांवर मी ताठ मानेने बाहेर पडले. कार्मेनू पुढच्याच आठवड्यात मायदेशी गेले. आता दर शुक्रवारी मी खेळते. काचेआडच्या माझ्या बहिणींचा मला हेवा वाटत नाही.

एका गोष्टीची मात्र खातरजमा मला करता आलेली नाही. पाच नंबरवाल्यांत नदीमचेही नाव घ्यायला लावीन, असा शब्द कार्मेनू विमानतळावर देऊन गेले. तिकडे क्लबच्या खोलीत नव्या खेळाडूवर जर्सी चढवताना ते नाव खरोखर उच्चारले जाते का, हे मी इथून ऐकू शकत नाही.