कादंबरीवरच्या एक्केचाळीस हरकती

नंदकुमार वालावलकरांनी आधी पावणे गावच्या गॅस्केट कारखान्यात माणसं सांभाळली, मग न्हावा शेव्याला लोकांचे कंटेनर कस्टममधून सोडवले आणि रिटायर झाल्यावर कोपरखैरण्याच्या ‘सागरतारा’ सोसायटीचं सेक्रेटरीपद अकरा वर्षं चालवलं. एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी कादंबरी लिहिली. इथपर्यंत कोणाच्याही हातून होऊ शकतं. चूक पुढे झाली.

अकरा वर्षांत त्यांनी टाकीचं झाकणसुद्धा नोटीस लावल्याशिवाय बदललं नव्हतं. त्या सवयीने प्रकाशकाकडे पाठवण्याआधी त्यांनी बोर्डावर कागद डकवला: ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, श्री. वालावलकर यांच्या कादंबरीचा मसुदा वॉचमन केबिनमध्ये पाहावयास ठेवला आहे. हरकती व सूचना चौदा दिवसांत लेखी द्याव्यात.’

टाकीच्या झाकणावर दोन हरकती आल्या होत्या. कादंबरीवर एक्केचाळीस आल्या.

चौथ्या मजल्यावरच्या तेजश्रीने लिहिलं, ‘पान बारावर नायिकेच्या बाथरूमची गळती खालच्यांकडे जाते. फ्लॅट नंबर कळावा.’ आणखी कोणी खलनायकाच्या पार्किंगबद्दल खुलासा मागितला. पण एकोणतीस हरकती शेवटावर होत्या. नायक जयदेव, वय साठ, एका पहाटे आंघोळ करून घर सोडतो, मोरा बंदराच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसतो आणि परत येत नाही. सभासदांची एकमुखी मागणी होती, त्याला परत आणा.

नंदकुमारांचा जीव त्याच शेवटात होता. आधीची दोनशे पानं त्यांनी तिथपर्यंत पोचायला लिहिली होती. पण हरकती फेटाळायच्या तर सभा लागते.

“अहो, पुस्तक तुमचं ना? द्या पाठवून,” त्यांच्या पत्नी सुचित्राताई म्हणाल्या.

“प्रोसिजर असते.”

“मग तुमचं फायनल झालं की वाचेन मी. कच्चं वाचायचं आणि परत पक्कं वाचायचं, एवढा वेळ कोणाला आहे?”

रविवारी दहाला विशेष सभा. कोरम वीसचा, आले सातजण. त्यातला धनेश मूळचा मोऱ्याचा. तो उभा राहिला.

“काका, हिरो कुठं पन जाऊ दे, आपलं काय नाय. पन तुमी पान दोनशे तीनवर ओहोटी लिवलीय. सुकतीला लाँच धक्क्याला लागत नाय, नुसता चिखल हाय. तो जानार कसा?”

नंदकुमारांनी ते टिपून घेतलं. मग कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब केली. अर्ध्या तासाने जे हजर असतील त्यांनी ठरवायचं, असा नियम.

तहकुबीत धनेश मासळी आणायला गेला. तेजश्री प्लंबरला गाठायला गेली. बाकीचे चहाला गेले ते गेलेच. हॉलची चावी सुचित्राताईंकडे होती, म्हणून त्या उरल्या. मोबाईलची बॅटरी संपली होती, म्हणून त्यांनी शेवटचं प्रकरण उचललं.

कस्टमच्या साहेबासमोर नंदकुमार इतके ताठ कधी बसले नव्हते.

“हा जयदेव म्हणजे तुम्ही?” पान उलटत सुचित्राताईंनी विचारलं.

“काल्पनिक आहे.”

“काल्पनिक माणसाचा डावाच गुडघा दुखतो?”

नंदकुमार घड्याळाकडे बघू लागले.

“आणि परत येत नाही?”

“नाही.”

सुचित्राताईंनी कागद टेबलावर नीट लावले. “जाऊ दे त्याला. साठ वर्षं कुठे गेलाय बिचारा? पण आंघोळ करून गीझर तसाच ठेवून गेलाय. बायको उठेपर्यंत चालूच. तेवढा बंद करून जाऊ दे.”

साडेदहा वाजून गेले होते. सभा पुन्हा सुरू झाली. हजर दोघं. ठराव झाला: ‘कादंबरीचा शेवट भरतीच्या व गीझरच्या दुरुस्तीसह सर्वानुमते मंजूर. सूचक सौ. सुचित्रा वालावलकर, अनुमोदक श्री. नंदकुमार वालावलकर.’

जेवण झाल्यावर त्यांनी शेवटचं पान नव्याने लिहिलं. जयदेव चप्पल घालतो, दार उघडतो, मग चप्पल काढून पुन्हा आत येतो, गीझरचा लाल दिवा विझवतो आणि जातो.

नंदकुमारांनी ते दोनदा वाचलं. पहिल्यापेक्षा चांगलं झालं होतं. इतिवृत्तात मात्र त्यांनी तशी नोंद केली नाही.