माफीचा शनिवार

मी देव मानत नाही. हे मी आजीला विसाव्या वर्षी छाती पुढे काढून, चांगलं दणक्यात सांगितलं होतं. घरात भूकंप होईल अशी माझी अपेक्षा होती. आजी म्हणाली, "बरं. हात धुऊन जेवायला बस." मी बसलो. तेव्हापासून माझ्या नास्तिकपणाकडे घरात कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही, आणि एवढा अपमान माझा दुसरा कुणीच केला नाही.

आजी देवाबद्दल बोलायची कमी आणि आम्हाला पळवायची जास्त. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकांवरून हातोहात पुढे सरकतं, मागून प्याला येतो, ज्याने त्याने घ्यायचं. आजीचा नियम असा, की कुणाशी बिनसलेलं असेल तर त्या ताटाला हात लावायचा नाही. आधी जाऊन मिटवून यायचं. त्यामुळे आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, आमच्या घरातून माफीची मोहीम निघायची. आम्ही दोघं भाऊ, बाबा, आजोबासुद्धा, सगळे चपला घालून आपापल्या गुन्ह्याच्या ठिकाणी रवाना.

माफी मागायचीही रीत होती. आपण काय केलं तेवढंच बोलायचं. समोरच्याने काय केलं हा विषयच काढायचा नाही. "त्याने मला ढकललं म्हणून मी..." असं सुरू झालं की आजी म्हणायची, त्याचं तो सांगेल, तू तुझं सांग. शाई सांडली, चिमटा काढला, सगळ्याची मी माफी मागितली आहे. शेजारच्या काकूंच्या चालण्याची नक्कल केली, त्याचीही. काकूंना त्या नकलेचा पत्ताच नव्हता. मी माफी मागायला गेलो तेव्हा त्यांना कळलं, आणि पुढे वर्षभर त्या मला खिडकीतून डोळे वटारून बघत होत्या.

आजोबांनी तर सत्तरी उलटल्यावर एका म्हाताऱ्या गायनमास्तरांना गाठलं आणि चाळीस वर्षांपूर्वी तुमच्या गाण्याला मला झोप लागली होती, असं कबूल केलं. मास्तर म्हणाले, मला वाटलं होतं तुम्ही डोळे मिटून तल्लीन झाला आहात. चाळीस वर्षांचं सुख बिचाऱ्यांचं एका शनिवारी गेलं. बाबा ऑफिसात इतक्या चटकन चूक कबूल करायचे, की साहेब बाकीच्यांच्या चुकाही त्यांच्याच टेबलावर आणून ठेवायला लागला. माझी बायको म्हणते, तुमच्या खानदानात धड भांडताही येत नाही. जरा रंगात यावं, तर समोरचा शरण.

एवढ्या तालमीतून निघालेला एक माणूस सख्ख्या भावाशी बावीस महिने अबोला धरून बसला. तो मी.

दादा दातांचा डॉक्टर आहे आणि मी कवळ्या बनवतो. त्याच्या दवाखान्यात पुढच्या खोलीत तो, मागच्या खोलीत मी, मधे एक दार. दादा पेशंटच्या तोंडात गुलाबी लगदा घालून हिरड्यांचं माप घ्यायचा आणि ते माप मागे माझ्याकडे यायचं. त्यात मी अर्ध्या तासाच्या आत प्लास्टर ओतायचं. तसंच ठेवलं तर ते सुकून आकसतं, आणि त्यावर बनवलेली कवळी जगात कुणाच्याच तोंडात बसत नाही. या धंद्यातला हा पहिल्या दिवसाचा धडा आहे.

एका शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त होणार होत्या. निरोप समारंभासाठी त्यांना नवी कवळी हवी होती. आम्ही ती करून दिली. समारंभात बाई भाषणाला उभ्या राहिल्या आणि "शिस्त" म्हणताना वरची कवळी सुटून समोरच्या पुष्पगुच्छात पडली. सभागृहाने क्षणभर श्वास रोखला. शेवटच्या बाकांवरच्या मुलांनी रोखला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई रुमालात कवळी घेऊन दवाखान्यात आल्या. बाहेर माणसं खच्चून भरलेली. दादा सगळ्यांसमोर ओरडून म्हणाला, माप व्यवस्थित होतं, चूक मागच्या खोलीत झाली असेल. मी प्लास्टरने माखलेल्या हातांनी बाहेर आलो आणि ओरडलो, की तुझं मापच वेडंवाकडं होतं, तुझा हात आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. इतका सुरेख ओरडलो, की एक आजोबा दात न दाखवताच उठून गेले. त्याच दिवशी मी माझी अवजारं उचलली आणि दोन गल्ल्या सोडून स्वतःची लॅब थाटली.

आता खरं सांगतो. तुम्हाला सांगायला माझं काय जातं, मला काही तुम्हाला रविवारी तोंड दाखवायचं नाही. दादाचं माप झकास होतं. शुक्रवारी दुपारी ते माझ्या टेबलावर आलं. मित्रांबरोबर मॅच बघायला जायचं होतं, म्हणून मी ते ओल्या फडक्यात गुंडाळलं, आल्यावर भरू म्हटलं, आणि थेट सोमवारी उघडलं. बाईंनी रुमालाची गाठ सोडली त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं. माणूस उगाच एवढ्या मोठ्याने ओरडत नाही.

तर असे बावीस महिने गेले. मग एके दिवशी चर्चचे पाळकसाहेब माझ्या लॅबमध्ये आले. त्यांच्या कवळीचा एक दात निघाला होता. तो बसवेपर्यंत ते गप्प होते, दुसरा इलाज नव्हता. कवळी तोंडात गेल्याबरोबर त्यांनी विचारलं, तुला माहीत आहे का, तुझ्या आजीने दोन वर्षं होत आली, प्रभुभोजन घेतलेलं नाही?

मला माहीत नव्हतं. मी त्या बाजूला फिरकत नाही ना. आजी दर महिन्याला येते, म्हणाले, दुसऱ्या बाकाच्या टोकाशी बसते, ताट आलं की न घेता पुढे देते. त्यांनी तिला परोपरीने समजावलं, की भांडण नातवांचं आहे, तुमचं नाही. तिचं एकच उत्तर, चूक माझी आहे. आता तिचं हृदय थकलं होतं, हृदयाच्या डॉक्टरांनी महिन्यांचीही खात्री दिली नव्हती, आणि तिला फक्त तेवढं एक हवं होतं. येत्या रविवारी महिन्याचा पहिला रविवार होता.

मी आधी चिडलो. देव न मानणाऱ्या माणसाला असं कोंडीत पकडायचं म्हणजे काय? दिवसभर धुसफुसलो, दोन कवळ्या बिघडवल्या आणि शेवटी दादाला फोन केला. तोही हादरलेला होता, पाळकसाहेब आधी त्याच्याकडे जाऊन आले होते. आम्ही दोघांनी अगदी कोरडेपणाने ठरवलं, की शनिवारी आजीकडे जायचं, मी ओरडलो, मीही ओरडलो, एवढं म्हणायचं, आजीसमोर हात मिळवायचे आणि आपापल्या वाटेने जायचं. तिला तिची भाकर मिळेल. कुणाचं काही जाणार नाही. फोन ठेवला तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश होतो.

शनिवारी संध्याकाळी आई-बाबा काहीतरी निमित्त काढून बाहेर गेले. आजी चाकांच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर शाल, केस नीट विंचरलेले. शहाऐंशी वर्षांची, आणि तोंडात सगळे दात स्वतःचे. नातू कवळीवाला असून तिने मला कधी काडीचा धंदा दिला नाही.  ती दादाकडे बघत राहिली.

ठरल्याप्रमाणे दादाने सुरुवात केली. मी सगळ्यांसमोर ओरडलो, म्हणाला. इथे त्याने थांबायचं होतं. तो थांबला नाही.

"आणि माझं मापच चुकलं होतं," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "तू बोललास ते खरं होतं. मला पटत नव्हतं इतकंच. त्यानंतर मी एकही कवळी केली नाही. पेशंट आला की दुसरीकडे पाठवतो. माप घ्यायला गेलो की माझा हात थरथरतो."

दादाचे हात मी लहानपणापासून पाहत आलो आहे. रडणारं पोर त्याच्या खुर्चीत बसलं की त्या हातांनी शांत व्हायचं. ते हात मी मोडले होते, एका मॅचसाठी, आणि वर रुबाबात दुकान थाटलं होतं. मला शरमेने मान वर करता येईना. ठरलेलं वाक्य तयार होतं. तेवढं म्हटलं असतं तर दादाने हात पुढे केला असता आणि उद्या आजीला भाकर मिळाली असती.

"त्याचं झालं," आजी म्हणाली. "आता तुझं."

मी सांगितलं. माप चांगलं होतं, मी वेळेवर भरलं नाही, मला पहिल्यापासून माहीत होतं. मॅचचंही सांगितलं. दादा ऐकून घेत राहिला, मग उठला आणि बाहेर गेला.

झालं. जन्मात एकदा खरं बोललो आणि घराचा बट्ट्याबोळ केला. मी आजीला म्हणालो, उद्याचंही गेलं, खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं. आजीने मला जवळ बोलावलं. वाटलं, आता डोक्यावरून हात फिरवेल.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "भांडण झालं त्या दिवशी तू येऊन तासभर मला ते सांगत होतास. त्या सबंध तासात तू काय केलंस हे एकदाही आलं नाही. मी तेव्हाच ओळखलं. तुला विचारायला हवं होतं, पण मी गप्प बसले. तू आपणहून येशील, मी शिकवलंय याला, असा माझा ताठा. माझ्या ताठ्यापायी त्या पोराचे हात गेले. माझं चुकलं, बाळा."

आजी माझी माफी मागत होती. आम्ही समजत होतो, ती आमच्यासाठी अडून बसली आहे. ती स्वतःची चूक धरून बसली होती. पाळकसाहेबांना ती अगदी सरळ, खरं तेच सांगत होती, आणि तो तिचा मोठेपणा आहे असं समजून कुणी ऐकलंच नव्हतं. मला रडू फुटलं. तिने मला रडूही दिलं नाही धड. म्हणाली, खुर्ची ढकल, मला त्याच्याकडे जायचंय.

फार लांब जावं लागलं नाही. दादा बाहेरच्या पायरीवर बसला होता, एका पायात बूट, दुसरा हातात. आजीने जे मला सांगितलं तेच त्याला सांगितलं, तितक्याच शब्दांत. तुझा हात थरथरतो हे मला माहीत नव्हतं, असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही.

दादाने बूट खाली ठेवला आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.  मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझं काही नाही, आजी. याच्या बाबतीत मात्र मला वेळ लागेल."

"घे की," आजी म्हणाली. "उद्याची उपासना दहाला आहे."

रविवारी मी तिला घेऊन चर्चमध्ये गेलो. बऱ्याच वर्षांनी गेलो, त्यामुळे लोक माझ्याकडे माना वळवून बघत होते. आजीची खुर्ची बाकाच्या टोकाशी लावली आणि मी तिच्या शेजारी बसलो. दहा वाजले, गाणी झाली, प्रवचन झालं. पाळकसाहेबांनी भाकर मोडली. ताट पहिल्या बाकावरून फिरलं तरी दादाचा पत्ता नव्हता. आजी समोर बघत होती.

मग माझ्या पलीकडे कुणीतरी येऊन बसलं. ताट दुसऱ्या बाकाशी आलं आणि दादा माझ्या कानाशी वाकला.

"किती वेळ तसंच ठेवलं होतंस माप?"

"तीन दिवस," मी म्हणालो.

"गाढवा," दादा म्हणाला.

आजीचे कान शेवटपर्यंत तिखट होते. तिने हात पुढे केला, भाकरीचा तुकडा उचलला आणि ताट माझ्याकडे दिलं. देव न मानणाऱ्याने ते सरळ पुढे द्यायचं असतं. पण मला पुढचं काही दिसत नव्हतं, म्हणून दादानेच ते माझ्या हातातून काढून घेतलं, आपला तुकडा घेतला आणि पुढे दिलं.