बाभळीला जवसाचंच तेल

मी बाभळीची फळी. ज्यांना मला गोठ्यात धाडायचं होतं, त्यांच्या नाकावर टिच्चून आष्ट्याजवळच्या एका स्वयंपाकघरातून बोलतेय.

शालूबाईचा गुडघा विहिरीच्या पायरीवर मोडला, तो पुन्हा वाकलाच नाही. तिला उभ्याने भाकरी थापता यावी म्हणून पंच्याहत्तर साली तिच्या नवऱ्याने, नाथाजीने, पलटणीतून रजेवर आल्यावर चुलीखाली कमरेइतका कट्टा बांधला. कोंडीबा सुताराकडून मला करवून घेऊन भाकरी थापायला चुलीशेजारी बसवलं.

"जवसाचं तेल लावा. त्ये वाळतंय," कोंडीबा म्हणाला.

"जवस चटणीला. आमच्या घाण्याच्या शेंगतेलावर पैलवान पोसल्यात, ही तर फळी हाय."

नाथाजीने मला तांब्याभर शेंगतेल पाजलं आणि पलटणीत निघून गेला. हौस पुरुषांची, निस्तरायचं बाईने! ते तेल काही वाळेना. महिन्याभरात मी चिकट झाले, मुंग्या लागल्या, खवट वास सुटला. मला लाज वाटली आणि रागही आला.

सासू धोंडुबाईला आयतं कारण मिळालं. "फळी गोठ्यात जाईल. आन् मांडी घालून भाकरी थापता येत नसंल तर तूबी माहेरी जा."

शालूबाई रडली नाही. तिने मला उन्हात ओढलं, सोड्याच्या कढत पाण्याने घासलं, वाळल्यावर फुटक्या काचेने खरवडलं. जीव कळवळला. मग जवसाचं तेल फडक्याने पातळ चोळलं, उरलेलं पुसून घेतलं. आठ-आठ दिवसांनी, चार वेळा. तोवर धान्याच्या कोठीवर परात ठेवून तिने भाकऱ्या थापल्या, पण बसली नाही.

मग मला जागेवर ठेवून तिने वर पाणी शिंपडलं. त्याचे मणी झाले, आत काही मुरलं नाही.

"आत्याबाई, हात फिरवून बघा."

धोंडुबाईने बोट फिरवलं, हुंगलं. "फळी झाली आसंल बरी. पर या घरात बाया बसूनच थापत्यात."

"फळी हितंच ऱ्हाईल, मीबी हितंच. उभ्यानं थापलेली चालत नसंल, तर तुमची तुमी थापा."

म्हातारी दिवसभर जेवली नाही. सांजेला मात्र तिने ताट पुढे ओढलं.

"उभ्यानं थापलेली हाय," शालूबाई म्हणाली.

"ठावं हाय. वाढ."

त्याला तीन वर्षं झाली. धोंडुबाई अजून कुरकुरते, कुरकुरू दे. ज्याला मला इथून हलवायचं असेल, त्याने आधी शालूबाईला खाली बसवून दाखवावं.