अस्तराच्या चुण्या

"अल्सरच होता हो. मी या डोळ्यांनी पाहिलाय," किनुए म्हणाली आणि सफरचंद सोलायला बसली. खाटेवरच्या नवऱ्याला, तोकुजीला, अजून पाण्याखेरीज काही चालत नव्हतं, तरी.

ऑपरेशननंतर काढलेला भाग सर्जन घरच्यांना दाखवतात, हे तोकुजीला काय नवीन? जपानातल्या अकिताच्या याच इस्पितळाच्या तळघरात त्याचं आयुष्य गेलं होतं. वर ऑपरेशनात काढलेलं जठर तपासणीसाठी कापून उघडायचं, आतलं अस्तर धुवायचं, अंगठ्याने चुण्या सारख्या करत ते बुचाच्या फळीवर टाचण्यांनी ताणून बसवायचं, हेच त्याचं काम. आणि कर्करोग असला तर रोग्याला अल्सर सांगायचा, खरं फक्त घरच्यांना, ही इथली रीत. त्या रीतीला त्याने कधी नावं ठेवली नव्हती. आज स्वतःवर पाळी आल्यावर मात्र त्याला त्याच रीतीचा संताप आला.

"कसा दिसत होता?" त्याने विचारलं.

बारीकसारीक सांगितलं तर यांना खरं वाटेल, असं बिचारीला वाटलं. जन्मभर मासे साफ केलेली बाई, तिने नीट पाहिलं होतं. मध्ये खड्डा आणि चहूबाजूंनी त्याच्याकडे आलेल्या गुलाबी चुण्या.

"निमुळत्या होत काठाला भिडल्या होत्या?"

"छे, अलीकडेच थांबल्या होत्या. टोकं कशी जाडजूड. दोन-तीन तर एकमेकींना चिकटलेल्या."

साध्या अल्सरच्या चुण्या काठापर्यंत निमुळत्या जातात. अशा जाडावून अडलेल्या, एकमेकींत मिसळलेल्या चुण्या कशाच्या असतात, हे तोकुजीने फळीवर फार वेळा पाहिलं होतं. तो घाबरला.

किनुएची सुरी थांबली होती. हे खोटं तिला पेलत नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिचं ओझं थोडं हलकं करावं, एवढंच त्याच्या मनात आलं.

"मग अल्सरच," तो म्हणाला. "माझं कामच आहे ते. चुकायचो नाही."

किनुए त्याच्याकडे बघतच राहिली.

"खरंच? म्हणजे डॉक्टरांचीसुद्धा चूक..." ती अर्ध्यावर थांबली. पण तिचा चेहरा उजळला होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

आता बोललेलं परत घेता येणार नव्हतं. ती भरभरून बोलू लागली. यंदा लोणच्याचे मुळे चुलीवर धुरी द्यायला जास्त टांगीन म्हणाली, वसंतापर्यंत तुम्ही लोणचं खाऊ लागाल.

"टांग," तोकुजी म्हणाला, आणि पांघरुणाच्या चुण्या अंगठ्याने कडेपर्यंत सारख्या करत राहिला.