लय धरलेलं इंजिन

गोपालकृष्णरावांनी कुंभकोणमच्या शाळेत एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, आणि त्याच एकतीस वर्षांतल्या बहुतेक संध्याकाळी कीर्तनात टाळ धरून काढल्या. घर्षणाचा धडा आला की ते दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा घासून पोरांच्या गालांना लावायचे, आणि पोरं म्हणायची, सर, ऊन लागतंय. निवृत्त झाल्यावर धडा शाळेत राहिला. टाळ मात्र घरी आला.

पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलुखात राहिलेल्या कुंभकोणमच्या आमच्या मराठी मंडळीत एक सेवा अशी, की तिच्यासाठी माणसं वर्षानुवर्षं ताटकळतात. तिरुनागेश्वरमच्या शिवकामीबाईंना त्यांच्या दारातून गाडीत बसवायचं आणि जिथे कीर्तन असेल तिथे नेऊन उतरवायचं. बाईंचं वय चौऱ्याहत्तर. गुडघे ऐंशीचे. पण चिपळ्या हातात आल्या की बाई चाळिशीच्या होतात आणि समोर बसलेला म्हातारा पाच वर्षांचा. अशा माणसाच्या शेजारी बसून तासभर गाडी चालवायला मिळणं म्हणजे पांडुरंगाची कृपाच. यंदा तिरुप्पनंदाळच्या एकादशीची सेवा गोपालकृष्णरावांना मिळाली होती.

या सेवेत एक धोका होता, आणि तो अख्ख्या तंजावुर मुलुखाला ठाऊक होता. बारा वर्षांपूर्वी ही सेवा विजयराघवाकडे होती. वाटेत पेट्रोल घ्यायला तो थांबला, बाई पाय मोकळे करायला खाली उतरल्या, आणि विजयराघव पैसे देऊन, मागे न बघता, थेट मन्नारगुडीला पोचला. दार उघडलं तर आत नुसती चिपळ्यांची पिशवी. बाई मागून बसनं आल्या, आणि त्याच संध्याकाळी कीर्तनात दृष्टांत दिला: एक भक्त देवाला घेऊन यात्रेला निघाला, सगळं सामान घेतलं, देव तेवढा पेट्रोल पंपावर राहिला.

बाईंचा दृष्टांत म्हणजे दगडावरचा लेख. पुढे तो तंजावुरला झाला, तिरुवारूरला झाला. विजयराघवाच्या लेकीच्या लग्नात नवऱ्याकडच्या कुणीतरी विचारलं, पेट्रोल पंपवाले तेच ना? आणि त्या लग्नात सगळ्यांत मोठ्यानं हसले होते गोपालकृष्णराव.

म्हणून ते यंदा जपून होते. आणि नेमका एकादशीच्या आठ दिवस आधी गाडीच्या समोरच्या पट्टीवर तेलाचा लाल दिवा लागला.

मोठ्या वर्कशॉपवाल्यानं ऐकलं, पाहिलं आणि सांगितलं, इंजिन खोलावं लागेल, बारा दिवस लागतील. वर असा आकडा सांगितला, की गोपालकृष्णराव तिथल्याच टायरवर बसले. पैशाचं एक वेळ सोसलं असतं, पण बारा दिवस कुठून आणायचे? एकादशी तर आठवर आलेली. घरी जाता जाता त्यांना एकोजी आठवला.

एकोजी त्यांच्या कीर्तनात मृदंग वाजवायचा. तळ्याकाठी पत्र्याच्या शेडमध्ये तो मोपेड आणि शेतातले पंप दुरुस्त करायचा. मोटारगाडीला त्यानं आजवर हात लावला असेल तो ढकलण्यापुरता. पण गोपालकृष्णरावांचा हिशेब वेगळा होता.

"ज्याचा हात मृदंगावर चुकत नाहीं," त्यांनी बायकोला समजावलं, "तो इंजिनावर कसा चुकेल?"

गोमतीबाई केळफूल सोलत होत्या. "मग पुढल्या वेळीं दाढ दुखली कीं वीणेवाल्याकडे जाऊं," त्या म्हणाल्या.

एकोजीनं संध्याकाळी गाडी परत आणली. पैसे तर त्यानं इतके कमी घेतले, की गोपालकृष्णरावांना एक नारळ वर द्यावासा वाटला. चावी फिरवली, गाडी सुरू झाली, लाल दिवा नाही.

"काय केलेंस रे?"

"दिवा त्रास देत होता ना, अण्णा? आतां देणार नाहीं."

गोमतीबाई खिडकीतून डोकावल्या. "पूर्वी चावी फिरवली कीं तो एकदां लागे आणि मग विझे. आतां तर लागतच नाहीं."

"बरा झालेला रोगी कधीं थर्मामीटर मागतो काय?" गोपालकृष्णराव म्हणाले, आणि एकोजीला खरोखरच नारळ दिला.

एकादशी रविवारी आली. रविवारचा राहुकाळ साडेचार ते सहा, म्हणून सव्वाचारलाच ते सगळे तिरुनागेश्वरमहून निघाले. पुढे बाई. मागे गोमतीबाई आणि मांडीवर मृदंग घेऊन एकोजी. कीर्तन सहाला. वाट तासाभराची. गोपालकृष्णरावांनी बाईंसाठी सीटवर मऊ पंचा अंथरला होता, प्यायला सुंठीचं पाणी घेतलं होतं. पेट्रोल तर आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं, वाटेत थांबायची भानगडच नको.

"बरीच तयारी दिसते," बाई म्हणाल्या.

"मी विजयराघव नव्हे, अक्का."

"नाहीं बरें. तो गाडी चांगली ठेवीत असे."

कावेरीचा पूल ओलांडला आणि इंजिनातून आवाज यायला लागला. टक, टक, टक, टक. अगदी समान अंतरानं. बाई संध्याकाळची पदं मनाशी गुणगुणत होत्या, त्या गुणगुणण्याच्या खाली तो आवाज असा काही बसला, की गोपालकृष्णरावांची मान डोलायला लागली.

"ऐकलेंत काय, अक्का? कशी लय धरली आहे."

मागे एकोजीची बोटं मृदंगाच्या गवसणीवर आपोआप चालू लागली होती. "वा, अण्णा," तो म्हणाला, "एक मात्रा इकडची तिकडे नाहीं."

"हा आवाज कसला?" गोमतीबाईंनी विचारलं.

"लय," दोघेही एकदम म्हणाले.

केळीच्या बागा मागे पडल्या, भाताची खाचरं लागली. रस्ता मोकळा मिळाल्यावर गोपालकृष्णरावांनी जरा वेग वाढवला, तशी लयही वाढली. विलंबितातून मध्य, मध्यातून द्रुत. आता टकटक राहिली नव्हती, कुणी लोखंडी दाराच्या आतून बाहेर येऊ बघत असावं तसं ठोकणं होतं. गोपालकृष्णराव मात्र रंगात आले होते. एका हातानं चाक, दुसऱ्या हातानं मांडीवर ताल. कीर्तनात ही अशी द्रुत लय आली की पुढे काय येतं, हे त्यांना पाठ होतं. नामगजर येतो.

आला तो धडाका. मग एक लांब कण्हणं, आणि मग काहीच नाही. चाक दगडासारखं जड झालं. गाडी आपल्याच पुण्याईनं घरंगळत एका चिंचेखाली जाऊन उभी राहिली. घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं.

"राहुकाळ," एकोजी पुटपुटला.

"राहूस बोल लावूं नकोस," बाई म्हणाल्या. "दारासमोरच त्याचें देऊळ, शेजारी आहे माझा. चाळीस वर्षें त्याच्या गावांत राहतें, कधीं त्रास दिला नाहीं."

बॉनेट उघडल्यावर जळक्या तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास तोंडावर आला. चावी फिरवली तर नुसतं कट् झालं. इंजिन आतल्या आत चिकटून बसलं होतं. गोमतीबाई खाली उतरल्या, नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि त्यांनी आपले दोन तळवे एकमेकांवर खसाखसा घासून त्यांच्या गालाला लावले.

गोपालकृष्णरावांना एकतीस वर्षांचा धडा एका क्षणात आठवला. तेल नाही, तर घर्षण. घर्षण, तर उष्णता. आणि उष्णता इतकी, तर ती लय कसली, ते इंजिनाचं हाड वाजत होतं.

"एकोजी, खरें सांग. दिव्याचें काय केलेंस?"

एकोजीनं मृदंग छातीशी धरला. "वायर काढली, अण्णा. मोपेडला असा दिवा नसतो. मला वाटलें, दिवाच बिघडला."

"आणि तेल?"

"पाहिलें कीं. खालीं थोडें होतें."

रागावायचं म्हटलं तरी कुणावर? नारळ त्यांनीच दिला होता. त्यांच्या डोळ्यांपुढे तिरुप्पनंदाळचा मंडप आला, बिछायती घालून बसलेली माणसं आली, आणि त्यांच्यापुढे उभ्या शिवकामीबाई: एक भक्त होता, त्याची गाडी होती... पुढच्या बारा वर्षांची सगळी लग्नं त्यांना त्याच जागी दिसली.

तेवढ्यात गोमतीबाईंनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात केला आणि तिरुप्पनंदाळची टाउन बस थांबवली. बायकांना या बसला तिकीट नसतं.

"तुम्हांस स्वस्त हवें होतें ना?" त्या चढता चढता म्हणाल्या. "आम्हां दोघींस ही फुकट नेते."

"तुम्ही चला," गोपालकृष्णराव म्हणाले. "मी गाडीपाशीं बसतों."

ते गाडीसाठी म्हणत नव्हते, हे सगळ्यांनाच कळलं. बाईंनी बसच्या पायरीवरून मागे वळून पाहिलं. "त्या गाडीस आतां कोण चोर नेणार? ती चालत तरी काय? चला. टाळ कोण धरील?"

बसमध्ये एका कॉलेजच्या मुलीनं बाईंना जागा दिली. गोपालकृष्णराव दांड्याला धरून त्यांच्यापाशी उभे राहिले. चार थांबे गेले. मग वाकून हळूच म्हणाले, "अक्का, एक मागणें आहे. आज माझें नांव घेऊं नका."

"मी कधीं कोणाचें नांव घेतलें? विजयराघवाचें तरी घेतलें होतें काय?"

ते आठवू लागले. खरंच घेतलं नव्हतं.

"नांव लोक घालितात, गोपालराव," बाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत पुन्हा गुणगुणू लागल्या.

सहा वाजून दहा मिनिटांनी कीर्तन उभं राहिलं. मंडप भरलेला. समया लागलेल्या, पांडुरंगाच्या गळ्यात तुळशीची आणि मरव्याची माळ. विजयराघव आपल्या गाडीनं आला होता आणि नेहमीप्रमाणे कडेच्या खांबाला टेकून बसला होता. गेली बारा वर्षं तो पुढे बसत नसे. गोपालकृष्णराव टाळ घेऊन बाईंच्या डाव्या हाताला उभे होते, आणि आयुष्यात प्रथमच त्यांचा टाळ मृदंगाच्या मागे पडत होता.

पूर्वरंग झाला. बाईंनी पदर खोचला, चिपळ्या थांबवल्या आणि आवाज खाली आणला.

"ऐका. एक भक्त होता. त्याची एक गाडी होती."

झालं. मंडपातलं एकूण एक डोकं खांबाकडे वळलं. मागून कुणी म्हणालं, पेट्रोल पंप. बायकांच्या बाजूनं हशा आला. विजयराघवानं चष्मा काढला आणि उपरण्यानं पुसायला घेतला. तो हसत होता, पण असं हसणं गोपालकृष्णरावांनी वर्गात पाहिलं होतं. ज्या पोराला सगळे रोज चिडवतात, ते पोर तसं हसतं.

बाई सांगत होत्या. देवानं प्रत्येकाच्या आत एक लाल दिवा ठेवला आहे. तेल संपत आलं की तो लागतो. आपण काय करतो? तेल नाही घालत, बाबांनो, तेल महाग. आपण दिव्याची वायर काढतो, तीही स्वस्तात. मग आत टकटक सुरू होते, कुणी आतून दार ठोकतो आहे, अरे मी इथे आहे, मला बघ. आणि हा भक्त म्हणतो, वा, काय लय धरली आहे.

मंडप हसून लोळला. सगळे खांबाकडेच बघत होते. बाईंनी नाव घेतलं नव्हतं. लोकांनी घातलं होतं, आणि ते भलत्याचंच होतं. गोपालकृष्णरावांना करायचं काहीच नव्हतं. नुसतं गप्प राहायचं. पुढची सगळी लग्नं त्यांची सुखाची जाणार होती.

विजयराघव अजून चष्माच पुसत होता.

टाळ थांबला. सगळी डोकी खांबाकडून पुढे वळली.

"ती गाडी माझी," गोपालकृष्णराव म्हणाले. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं. "विजयराघवाची नव्हे. माझी. चिंचेखालीं उभी आहे. आणि लय धरली आहे, हेंही मीच बोललों."

मग एकोजीनं मृदंगावर एक जोरकस थाप दिली आणि मान खाली घालून म्हणाला, "काम माझें."

यानंतर जो हशा झाला तो बाहेर बसस्टँडवर ऐकू गेला असेल. आणि त्यात सगळ्यांत मोठं हसणं खांबापासून येत होतं. बारा वर्षांचं साठलेलं. विजयराघवाला हसता हसता ठसका लागला, शेजारच्यानं त्याची पाठ चोळली.

बाईंनी हात वर केला. मंडप शांत झाल्यावर त्या म्हणाल्या, "वायर जोडिली बरें का." आणि चिपळ्या उचलल्या. नामगजर सुरू झाला तेव्हा गोपालकृष्णरावांचा टाळ पुन्हा मृदंगाच्या बरोबरीनं पडत होता. गोमतीबाई बायकांच्या रांगेतून बघत होत्या, आणि नवऱ्याची नजर आली तेव्हा त्यांनी या खेपेला तळवे घासले नाहीत. टाळी वाजवत राहिल्या.

आरती झाली, सुंठवडा वाटला. परत जायचं कसं, याचा विचार करत गोपालकृष्णराव चपला शोधत होते, तर विजयराघव किल्ली फिरवत पुढ्यात उभा.

"चला. अक्कांस घरीं सोडितों, तुम्हांसही. वाटेंत तुमची गाडी पाहूं, दोर आहे माझ्यापाशीं."

"तुझी गाडी कोठें नीट करितोस रे?" गोपालकृष्णरावांनी विचारलं.

"मोठ्या वर्कशॉपांत. महाग आहे," विजयराघव म्हणाला. "वाजवितां कोणास येत नाहीं तेथें."

सगळे बसले. बाई पुढे, बाकीचे मागे, मृदंग एकोजीच्या मांडीवर. विजयराघवानं चावी फिरवली. समोरच्या पट्टीवर लाल दिवा एकदा लागला आणि विझला. गोमतीबाईंनी तो नवऱ्याला कोपरानं ढोसून दाखवला.

गाडी तरीही हलली नाही.

"आतां काय जाहलें?" गोपालकृष्णराव घाबरून म्हणाले.

"थांबा," विजयराघव मागे वळत म्हणाला, आणि बोट दाखवून एकेकाला मोजायला लागला. "अक्का, एक. वैनी, दोन..."