कामगार क्रमांक सात

"यातली सात नंबर कोण?" संग्रामसाहेबांनी माझा प्रोजेक्ट टेबलावर उघडा ठेवला होता.

"सर, नावं गुप्त ठेवायची असतात. तसा नियम आहे."

"कॉलेजचा. आपल्या कोअर-शॉपमध्ये बायका सातच आहेत, मॅडम. खाली जाऊन बघितलं तरी कळेल."

शिरोलीच्या त्या फाउंड्रीत मी वाळूची प्रयोगशाळा सांभाळत असे. ओतलेल्या लोखंडात पोकळी राहावी म्हणून वाळूचा गाभा करतात, त्याला कोअर म्हणतात. ते काम बायकांचं. १९९८ साली मी कोल्हापुरात संध्याकाळची व्यवस्थापन पदविका करत होते. पुस्तकात अनौपचारिक गटांवर एक प्रकरण होतं: कुणी न नेमलेले, पण काम ज्यांच्यावर चालतं असे गट. माझ्या खिडकीसमोर तसा एक होता. प्रत्येकीनं दिवसाला दोनशे कोअर करायचे. अंबूबाईंच्या हातांना कंप सुटल्यापासून त्यांचे दीडशेही होत नसत. दुपारी मुकादम चहाला गेला की यल्लव्वा आणि बाकीच्या पाचजणी आपल्या ट्रेमधले आठ-नऊ कोअर उचलून त्यांच्या ट्रेत ठेवत. कुणी सांगत नसे, कुणी आभार मानत नसे. मी तीन आठवडे मोजलं, तक्ते केले आणि लिहिलं की या विभागाची खरी ताकद हीच आहे. फी कंपनीनं भरलेली, म्हणून एक प्रत साहेबांकडे गेली.

अंबूबाईंचे यजमान किडनीचे पेशंट होते. आठवड्यातून दोनदा त्यांचं डायलिसिस व्हायचं, ते अंबूबाईंच्या कामगार विम्याच्या कार्डावर. नोकरी गेली की काही महिन्यांत कार्ड बंद.

"तिला काढून गट फोडला की एकूण काम घटतं, सर," मी म्हणाले. "असे प्रयोग झालेत."

"मग आपणही करू. एक आठवडा प्रत्येकीचा ट्रे वेगळा, मुकादम जागचा हलणार नाही. घटलं तर जुनंच चालू ठेवू."

मी खाली गेले. प्रोजेक्टची बातमी माझ्याआधीच पोचली होती. यल्लव्वा साचा ठोकत होती. तिच्या कानाशी म्हणाले, "एवढा आठवडा सगळ्यांनी जरा सावकाश करा. अंबूबाईंसाठी."

तिनं हात थांबवला नाही. "आन् उद्या त्ये बी लिवून दिलासा तर?"

"नाही देणार."

"म्याडम, तुमी खिडकीतनं बघून हासायचा. आमाला वाटायचं, बाई आपलीच हाय."

त्या आठवड्यात कोअर-शॉपमध्ये फक्त ठोकण्याचा आवाज होता. डबेसुद्धा सात ठिकाणी उघडले गेले. आता अंबूबाईंनंतर कुणाचा नंबर लागेल, कुणाला ठाऊक. शनिवारी मी बेरीज केली. दिवसाला सत्तर कोअर जास्त. मी तीनदा तपासली. भीती हा घटक माझ्या तक्त्यात नव्हता.

साहेबांसमोर मी म्हणाले, "सर, तो प्रोजेक्ट खोटा आहे. आकडे मी घरी बसून भरले."

ते हसले नाहीत. "मॅडम, तुम्ही वाळूतली ओलसुद्धा दोनदा मोजता. सात नंबरच्या जागी दुसरी बघायला सांगितलंय."

पुढच्या शनिवारी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, सुट्टी झाल्यावर अंबूबाई प्रयोगशाळेत आल्या. कधी बसत नसत, त्या दिवशी बाकावर बसल्या.

"माज्याबद्दल काय लिवलासा, त्ये वाचून दावा की."

लिहिलेलं इंग्रजीत होतं. मी मराठी करत वाचलं. "कामगार क्रमांक सात सर्वांत आधी येते. बाकी सहाजणींचे साचे पुसून, वाळू चिकटू नये म्हणून रॉकेलचा हात फिरवून ठेवते. तिला कोअर का देता, असं विचारल्यावर एक कामगार म्हणाली, आम्हाला हात धरून तिनंच शिकवलं."

"सात नंबर मंजी मी?"

"हो."

"चांगलं लिवलंय. खोटं कायबी न्हाय." मग त्यांनी विचारलं, "कार्ड कवापातूर चालंल वो?"

"सप्टेंबरपर्यंत."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. दोनदा चुकल्या, पुन्हा मोजले. मग उठल्या. लुगड्यावरची वाळू बाकावर सांडली होती. ती त्यांनी थरथरत्या तळहातानं गोळा केली, दुसऱ्या हाताचा आडोसा धरला आणि बाहेरच्या ढिगावर नेऊन टाकली.