लाटेचं कार्ड आणि बाबांचं घर

धाकटीने समुद्रकाठी घरं बांधायचा एक खेळ बनवला आणि तो खेळायला घरचीच माणसं बसवली, इथेच सगळा घोळ झाला. बसवणार तरी दुसऱ्या कोणाला म्हणा! खेळ छापणाऱ्या कंपनीच्या बाईंची अटच तशी होती. जेवण झाल्यावर एका साध्या कुटुंबाने पट मांडायचा आणि हसतखेळत शेवटापर्यंत न्यायचा. शेवटापर्यंत गेला तर छापू, नाहीतर हा पुठ्ठा परत आमच्या दारात आणायचा नाही. बाई एकदाच येणार होत्या.

आणि हे कुटुंब साधं कुठलं? बाबा गवंडी. दादा प्लंबर. आत्या रंगकाम करणारी, पाहुणी म्हणून गेली तरी आधी भिंतीवर बोट फिरवून बघणार. आईने उभा जन्म या तिघांत काढलेला, त्यामुळे तीही कामातून गेलेली. राहता राहिली धाकटी. ती काय करते असं कोणी विचारलं की बाबा "कागदाचं काहीतरी" म्हणून विषय बदलायचे. धाकटीला ते लागायचं, फार लागायचं.

खेळ अगदी सोपा होता. पटावर वाळू, वाळूपुढे समुद्र. पाळी आली की एक कार्ड उचलायचं, ठोकळे ठेवायचे, घर उभं करायचं. पाण्याला लागून पुढच्या रांगेत बांधलं तर दर फेरीला गुण जास्त, मागच्या रांगेत कमी. पण गठ्ठ्यात कुठेतरी लाटेचं कार्ड असतं. ते निघालं की पुढची रांग वाहून जाते आणि खेळ संपतो.

पहिली पाळी बाबांची. त्यांनी ठोकळा हातात घेतला, एक डोळा मिटला आणि दोरा मागितला. दोऱ्याला सदऱ्याचं बटण बांधून ओळंबा केला, तर टेबलच तिरकं निघालं. त्याच्या पायाखाली कागदाची घडी घातल्याशिवाय काम सुरू होणार नाही म्हणाले. मग पुढच्या रांगेत झोकात घर बांधलं, रुमाल पेल्यात बुडवला आणि वरून पांघरला.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने सांगून पाहिलं की हा पुठ्ठा आहे, फुगेल. बाबांचं म्हणणं, स्लॅब टाकलाय, पाणी मारायला नको? असाच उघडा ठेवला तर तडे जातील, मग नाव कोणाचं जाईल? बरीच घासाघीस झाल्यावर ते एवढंच कबूल झाले की स्लॅब लहान आहे, चहापर्यंत वाळेल. पुढची पाळी आत्याची. ओल्या भिंतीच्या शेजारी ती रंगाला हात लावत नाही, तीही हाताची घडी घालून बसली. दादाने मधल्या वेळात सरबताची नळी कापून वाळूखालून गटार टाकायला घेतलं.

बाई घड्याळाकडे बघून म्हणाल्या की हा हलकाफुलका खेळ आहे. दादा म्हणाला, हलकाफुलका असू दे की, पण सांडपाणी जाणार कुठे?

शेवटी गाडी पुढे सरकावी म्हणून बाईंनीच खुर्ची ओढली आणि पुढच्या रांगेत एक घर ठेवून दिलं. बाबांनी विचारलं, खिडकी कुठल्या बाजूला? बाई म्हणाल्या, कुठेही काढा. मग हळूच म्हणाल्या, समुद्राकडे काढा. आयुष्यभर त्यांच्या खिडकीसमोर दुसऱ्याची भिंत होती. बाबांनी चाकूने ठोकळ्याला खिडकी पाडली. झालं! बाई टेबलाला गाल टेकवून त्या खिडकीतून समुद्र बघत बसल्या, आणि आत्या त्यांना पडद्याचे रंग सुचवू लागली.

चहा झाला, फेऱ्या सुरू झाल्या, आणि आईच्या हाताला लाटेचं कार्ड लागलं. आईने ते वाचलं आणि मुकाट्याने त्यावर बसली. धाकटीने ते कसंबसं ओढून काढलं, तर बाबांनी घरावर दोन्ही हात धरले. त्यांची भिंत आजवर पडली नव्हती आणि आजही पडणार नव्हती. दादाने चमचे रोवून बांध घातला, आत्याने साखरेचा डबा आडवा लावला. बाईंनी स्वतःचं चष्म्याचं घर त्या बांधात दडपलं आणि ते एका हाताने दाबून धरत धाकटीला कोरडेपणाने सांगितलं की जो खेळ संपतच नाही, तो कंपनीला छापता येणार नाही. दुसऱ्या हाताने त्या पर्स आवरत होत्या.

या घरात बाबांपुढे आवाज चढवायची कोणाची बिशाद नव्हती. धाकटीनेही चढवला नाही.

"बाबा, पडू द्या ते. मी पडण्यासाठीच बनवलंय."

गवंड्याच्या घरात याऐवजी कोणी शिवी दिली असती तरी चाललं असतं. गिऱ्हाइकाला विचारावं तसं बाबांनी तिला विचारलं, "आणि आतल्या माणसांनी कुठे जायचं?"

हे तिने ठरवलंच नव्हतं. इतके महिने पुठ्ठा कापत होती, पण आत माणसं आहेत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मागच्या रांगेत," ती म्हणाली. "मागच्या घरांनी त्यांना आत घ्यायचं. जो घेईल त्याला गुण."

आत्याचं घर मागे होतं. ती लगेच बाबांना म्हणाली की ये माझ्याकडे, एक खोली रिकामीच आहे. आईचंही घर मागेच होतं, तिने बाईंना बोलावलं. बाईंनी पर्स खाली ठेवली आणि विचारलं की समुद्र दिसेल का. आई म्हणाली, आता पुढे कोणीच उरणार नाही, चांगला दिसेल.

मग बाबा उठले, बाह्या सरसावल्या आणि स्वतःचं घर पाडायला बसले. आधी छप्पर, मग एकेक भिंत, एकही ठोकळा न टाकता. बाईंनी त्यांच्यापाठोपाठ आपलं घर उचललं, क्षणभर खिडकीतून पाहिलं आणि खेळाच्या खोक्यात ठेवलं. हा मागच्या रांगेचा नियम कागदावर नव्हता, असं त्या म्हणाल्या. आत्ताच सुचला, असं धाकटीने खरं सांगून टाकलं. मग तोही लिहून द्या, बाई म्हणाल्या, छापायला घेते.

बाबांनी यातलं काही ऐकलं नाही. ते रिकाम्या वाळूकडे बघत होते. मग त्यांनी पटाच्या कडेवरून अंगठा फिरवला, कोपरे तपासले.

"काम कोणाचं आहे?" त्यांनी विचारलं. सगळ्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

"माझं," धाकटी म्हणाली.

"मग मला तुझ्या हाताखाली घे," बाबा म्हणाले, आणि सगळे ठोकळे तिच्यासमोर ठेवून पुढच्या डावाला बसले.